वीस मिनिटं करंट आणि उरलेला दिवस

या प्रकरणातला मुलगा चोपडा तालुक्यातल्या एका गावचा. घरात त्याला भैया म्हणतात. खानदेशात दर दोन-चार घरांआड एक भैया असतोच, म्हणून इथेही तेच नाव ठेवलं आहे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत आणि आईवडिलांची लेखी संमती घेतली आहे.

त्याच्या वडिलांचा प्रश्न असा होता: "मॅडम, डोक्याला बारीक करंट दिला की ऑटिझम कमी होतो म्हणतात. केळीला यंदा भाव लागलाय, हातात पैसे आहेत. पुढच्या वर्षी असतील का नाही, ते केळीलाच माहीत. करून घेऊ का?"

घाई का, हे त्या वाक्यातच आहे. शेतकऱ्याच्या घरात उपचाराचा मुहूर्त डॉक्टर ठरवत नाही, विकलेल्या मालाची पट्टी हातात कधी पडते त्यावर तो ठरतो.

मुलगा आणि घर

जळगावच्या माझ्या केंद्रात भैया पहिल्यांदा आला तेव्हा पावणेसहा वर्षांचा होता. त्याआधीची वर्षं ठरलेल्या वाटेने गेली होती. मामाही उशिरा बोलला होता, म्हणून थांबले. मग मोबाईल बंद केला. मग नवस झाला. अंगणवाडीच्या ताईंनी आडून सुचवलं तेव्हा राग आला. निदान झालं तेव्हा वडिलांनी विचारलं, "किती दिवसात बरा होईल?" आई काहीच बोलली नाही. तिला बहुधा आधीच कळलं होतं.

त्याला दोन शब्द येत होते, 'पाणी' आणि 'गाडी'. पण ते स्वतःशी घोळवायचे शब्द होते, मागायचे नव्हते. तहान लागली की आईचं मनगट धरून तिला माठापाशी न्यायचा, तोंडाकडे न बघता. शेतात ठिबक सुरू झालं की नळीजवळ पोटावर पडून ड्रिपरमधून थेंब कसा फुगतो, लोंबतो आणि सुटतो ते तासभर बघायचा. उठवलं तर डोकं आपटायचा. झोपायला रात्रीचा एक वाजायचा. जेवणात पोळी आणि कोरडी शेव; भाजीचा रस्सा बोटाला लागला तरी हात झटकायचा. कार्स या मापनश्रेणीवर त्याचे गुण 37.5 आले. ही श्रेणी 15 ते 60 गुणांची असते, 30 पासून पुढे ऑटिझम धरतात आणि 37 पासून तीव्र. म्हणजे तो तीव्र गटाच्या उंबऱ्यावर होता.

घरात नऊ माणसं, शिवाय सालदाराचा डबा. भैयाची आई धाकटी सून. पहाटे साडेचारला ती चुलीपुढे बसते ती अकराला उठते, मग धुणी, मग शेत. आठवड्यातून एकदा एसटीने, विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून ती मुलाला घेऊन येत असे. आम्ही शिकवलेलं तिने चटकन उचललं: हवी ती वस्तू दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवायची, थांबायचं, त्याने बोट केलं किंवा चित्रकार्ड दिलं की लगेच द्यायची, आणि देताना तो शब्द म्हणायचा. तिला अडचण कळण्याची नव्हती. "रात्री नऊनंतर शिकवते मॅडम. तेव्हा तोही कंटाळलेला असतो न् मीही."

हे वाक्य मी त्या दिवशीच फाइलमध्ये उतरवून ठेवलं होतं. पुढच्या सगळ्या हिशेबात त्याला करंटच्या मिलिअँपिअरइतकंच वजन आहे.

आजीची शंका

वडिलांनी एका मोठ्या शहरातल्या खासगी केंद्राची रील बघितली होती. चार आठवडे, वीस सत्रं, सोबत 'ब्रेन मॅपिंग', मिळून 1 लाख 20 हजार रुपये. घरात आधी विरोध झाला तो आजीचा. ती जळगावला आली आणि मला थेट म्हणाली, "पोऱ्याना डोकाले करंट देतस? हाई दवाखाना शे का एमएसईबी?"

घरात शेवटचा शब्द आजीचा, म्हणून आधी तिच्या शंकेचं निरसन करावं लागलं. तिच्या डोळ्यासमोर मनोरुग्णालयातला 'शॉक' होता. तो उपचार वेगळा. त्यात भूल देऊन साधारण 800 मिलिअँपिअरचा प्रवाह काही सेकंद देतात आणि मुद्दाम झटका आणतात. तीव्र नैराश्यात तो आजही उपयोगी आहे. भैयाला सुचवलेल्या पद्धतीला टीडीसीएस म्हणतात आणि तिचा प्रवाह 1 ते 2 मिलिअँपिअर. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, त्यांत रबरी पट्ट्या, एक बॅटरीवरचं छोटं यंत्र. एक स्पंज कपाळाच्या वर डाव्या बाजूला बसवतात, दुसरा बहुधा उजव्या खांद्यावर. वीस मिनिटं. सुरुवातीला मुंग्या येतात, खाज सुटते. बराचसा प्रवाह कातडीतूनच निघून जातो, थोडाच मेंदूपर्यंत पोहोचतो.

तेवढा प्रवाह मेंदूतली पेशी पेटवू शकत नाही. पेशीच्या आतल्या-बाहेरच्या विद्युतभारात तो किंचित फरक पाडतो, त्यामुळे पेशी प्रतिसाद द्यायला जराशी जास्त तयार होते. आजीला मी सांगितलं की हा वाफसा समजा. वाफसा आला म्हणून पीक येत नाही, त्या वेळात पेरावं लागतं. म्हणूनच हे यंत्र लावून मुलाला नुसतं बसवून ठेवण्यात फारसा अर्थ नसतो. त्या वीस मिनिटांत आणि त्यानंतर लगेच त्याच्याकडून काय करून घेता, यावर सगळं असतं. आजीने मान हलवली, पण "मंग पेरस कोन?" हा प्रश्न तिने विचारलाच. खरं तर या प्रकरणातला सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता.

दुसरी पद्धत चुंबकाची, टीएमएस. ती 1985 मध्ये शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा दाखवली. डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातून क्षणभराचा जोरदार चुंबकीय स्पंद सोडला की मेंदूत वीज निर्माण होते आणि पेशी खरोखर पेटतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, ही पद्धत 2008 मध्ये प्रौढांच्या नैराश्यासाठी, 2018 मध्ये ओसीडीसाठी (नको ते विचार आणि कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार) आणि 2024 मध्ये 15 ते 21 वयोगटाच्या नैराश्यात जोडउपचार म्हणून मान्य केली. त्या यादीत ऑटिझम नाही. रीलमध्ये मात्र 'एफडीए अप्रूव्हड' असं ठळक लिहिलं होतं. यंत्र एका आजारासाठी मंजूर असतं, जाहिरात दुसऱ्याची होते, आणि मधली दरी आईबाप आशेने भरून काढतात.

पुरावा कितपत आहे

ऑटिझममध्ये हे का चालावं, याचा विचार पोकळ नाही. रुबेनस्टाइन आणि मर्झेनिच या मेंदूसंशोधकांनी 2003 मध्ये मांडलं की काही प्रकारच्या ऑटिझममध्ये मेंदूतल्या उत्तेजना आणि नियंत्रण यांचा तोल ढळलेला असावा. तोल ढळला असेल तर बाहेरून थोडा ढकलून बघावा, ही कल्पना तिथून पुढे सरकते.

मुलांवरच्या टीडीसीएसच्या अभ्यासांत थायलंडचा 2014 चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात 5 ते 8 वर्षांचे 20 मुलगे होते. 1 मिलिअँपिअर, 20 मिनिटं, सलग 5 दिवस. प्रत्येक मुलाला एकदा खरं आणि एकदा खोटं, म्हणजे नुसतं दिखाव्याचं, उत्तेजन दिलं. खऱ्यानंतर कार्सचे गुण कमी झाले. अभ्यास नीट केलेला आहे, पण मुलं वीस, पाठपुरावा थोड्या दिवसांचा, आणि मापनाचा बराच भाग मोठ्या माणसांच्या नजरेवर. त्यातून 'पुढे मोठा अभ्यास करा' एवढंच निघतं. 'वीस सत्रं विकायला काढा' हे त्यातून निघत नाही.

चुंबकाच्या बाजूला टोरोंटोचा 2020 चा अभ्यास आहे. 16 ते 35 वयाचे 40 ऑटिस्टिक लोक, वीस सत्रं, उद्देश कार्यकारी स्मृती, म्हणजे माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याची क्षमता, सुधारण्याचा. खऱ्या आणि खोट्या गटांत एकंदरीत लक्षणीय फरक आढळला नाही.

खोट्या उत्तेजनाबद्दल आईवडिलांना समजावून सांगताना मी नेहमी जास्त वेळ घेते. त्यात यंत्र तेच, स्पंज तेच. सुरुवातीला तीस सेकंद करंट सोडतात, मुंग्या येतात, मग हळूच बंद करतात. मुलाला कळत नाही, आईला कळत नाही, गुण देणाऱ्यालाही कळत नाही. आणि तरीही खोट्या गटातली मुलं सुधारलेली दिसतात. ऑटिझमच्या इतिहासात याचा सगळ्यात बोलका धडा सिक्रेटिनचा आहे. 1998 मध्ये तीन मुलांना पचनाच्या तपासणीसाठी हे संप्रेरक दिलं, आणि त्यांचं बोलणं-बघणं सुधारल्याचं वृत्त आलं. जगभर आईबापांची झुंबड उडाली. 1999 मध्ये 60 मुलांवर नीट चाचणी झाली: अर्ध्यांना सिक्रेटिन, अर्ध्यांना मिठाचं पाणी. दोन्ही गट सुधारले, फरक काही नाही. निकाल सांगितल्यावरही त्यातल्या 69 टक्के पालकांनी आपल्याला या उपचारात रस असल्याचं सांगितलं. मला त्या पालकांना हसावंसं वाटत नाही. मूल त्यांच्या डोळ्यांदेखत सुधारलं होतं. का सुधारलं, हे डोळ्यांना दिसत नसतं.

ठरलं ते असं

माझा सल्ला 'करू नका' असा होता. कारणं तीन सांगितली. एक, पुरावा अपुरा. दुसरं, हे संशोधन असेल तर भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, त्याची नोंद हवी, नैतिकता समितीची मंजुरी हवी आणि प्रयोगाच्या उपचाराचे पैसे पालकांकडून घेता येत नाहीत. फोन केला तर उत्तर आलं, "हे संशोधन नाही मॅडम, उपचार आहे." म्हणजे संशोधनातलं संरक्षण नाही आणि उपचाराचा पुरावाही नाही. याच वाटेने स्टेम सेलचा बाजार वाढला होता. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑटिझममध्ये स्टेम सेल देणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं, तोवर कितीतरी घरांची शेतं गहाण पडली होती. तिसरं कारण ब्रेन मॅपिंग. मेंदूच्या विद्युतलहरींचे ते लाल-पिवळे नकाशे बघायला भारी असतात, पण त्यावरून ऑटिझमचं निदान होत नाही आणि उपचार कुठे द्यायचा हेही ठरत नाही.

वडील ऐकून घेत होते, पण निर्णय त्यांचा झालेला होता. अशा वेळी दोन वाटा असतात: दार बंद करायचं, किंवा अटी घालून सोबत राहायचं. मी दुसरी धरली, कारण पहिल्या वाटेने मूल जातंच, फक्त कुणाच्या नजरेखाली राहत नाही.

अटी अशा. आधी बालमेंदूतज्ज्ञाकडून ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींची तपासणी. ऑटिझम असलेल्या मुलांत अपस्माराचं, म्हणजे फिट्सचं, प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त असतं आणि जेवताना मध्येच शून्यात बघत थांबणं भैयात आईने टिपलं होतं. ईईजीत काही सापडलं असतं तर मी वडिलांच्या पायाशी बसून अडवलं असतं. ते स्वच्छ आलं. थांबणं म्हणजे पंख्याच्या पात्याकडे लागलेली तंद्री होती. मग प्रवाह 1 मिलिअँपिअरच्या वर नाही. मुलाची कवटी पातळ असते, तेवढ्याच प्रवाहात त्याच्या मेंदूवर मोठ्या माणसापेक्षा बराच जास्त भार पडतो. संगणकीय गणितांत तो दुपटीपर्यंतही गेलेला आहे. खोलीत मनोविकारतज्ज्ञ हजर पाहिजे, नुसता टेक्निशियन नको. कातडीवर ओरखडा असेल त्या दिवशी सत्र नाही. आणि मॅपिंग नाही. मॅपिंग वगळल्यावर रक्कम 90 हजारांवर आली. वडिलांनी घासाघीस केली तशी मला जमली नसती.

शेवटची अट मापनाची होती. एप्रिलमध्ये तीन वेगवेगळ्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच वस्तूंनी दहा मिनिटांचा खेळ चित्रित केला: साबणाचे फुगे, चावीची गाडी, झाकण घट्ट लावलेल्या पारदर्शक बरणीत मुरमुरे. त्यात भैया किती वेळा 'मागतो' ते मोजायचं, मग ते बोटाने असो, कार्डाने असो वा शब्दाने. मनगट ओढणं धरायचं नाही. आकडे आले 3, 4 आणि 6. चित्रफितींना तारखा न देता नुसते क्रमांक दिले, आणि दुसऱ्या शहरातल्या माझ्या एका मैत्रिणीने, जी वाचा-भाषा तज्ज्ञ आहे, त्या उलटसुलट क्रमाने बघून मोजायच्या असं ठरलं. तिला आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं हे माहीत नव्हतं.

3, 4, 6 हे आकडे लक्षात ठेवावेत. करंटचा स्पंज कपाळाला लागायच्या आधीच रेषा वर निघाली होती.

मे महिना

भैयाच्या मामाचं शहरात छोटं घर आहे. आई आणि भैया महिनाभर तिथे राहिले, वडील येऊन-जाऊन.

पहिली अडचण पट्ट्याची होती. डोक्याला काही बांधलं की तो ओढून काढायचा. जायच्या आधी आम्ही घाम टिपायच्या क्रिकेटच्या पट्टीपासून सुरुवात केली होती, आधी आईच्या डोक्याला, मग त्याच्या, दोन सेकंद, मग मुरमुरे. त्याचा फायदा झाला. दुसरी अडचण तेलाची. आजीने निघताना डोक्यावर भरपूर खोबरेल चोपून पाठवलं होतं. तेलकट केसांतून करंट नीट जात नाही, स्पंजाखाली एका जागी एकवटला तर भाजतं. पहिल्या दिवशी सत्र न करता केस धुवायला परत पाठवलं. याबद्दल त्या केंद्राला चांगलंच म्हणावं लागेल. मेच्या उकाड्यात स्पंजातलं खारं पाणी कपाळावरून ओघळून ओठांपर्यंत यायचं आणि भैया ते चाटायचा. एका दिवशी तेवढ्यासाठी तो पूर्ण वीस मिनिटं हसत बसला. कपाळावरची लाली संध्याकाळपर्यंत जायची. एक सत्र रडण्यामुळे अर्ध्यात थांबवलं. याखेरीज त्रास झाला नाही.

सत्र चालू असताना आणि नंतर मिळून तासभर तिथली वाचा-तज्ज्ञ मुलगी त्याच्याकडून कार्डांनी मागून घ्यायचा सराव करून घेई. म्हणजे करंट आणि सराव एकत्रच मिळाले. पण मला जास्त सांगून गेली ती आईची वही. मी तिला सांगितलं होतं की भैयाने मागितलं की वेळ आणि वस्तू टिपायची. त्या वहीत सत्राची नोंद दिवसात एक. बाकी पानं भरलेली होती ती सत्राबाहेरच्या वेळाने: सकाळी साडेसातला दूध, नऊला नळाखाली पाणी, दुपारी मामीच्या कपाटातली चावी, संध्याकाळी बागेतला झोका, 'दे' म्हणाला, परत 'दे' म्हणाला. मामीने स्वयंपाकघर स्वतःकडे ठेवलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच या बाईला सकाळपासून रात्रीपर्यंत मुलाखेरीज दुसरं काम नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परत चित्रित केलं. 11 मागण्या, त्यातल्या 4 शब्दांत. कार्स 35. झोप साडेदहावर आली होती. वडिलांनी सुधारणेला दहापैकी आठ गुण दिले, आईने सहा. तारखा माहीत नसलेल्या मैत्रिणीने नंतरची चित्रफीत बरोबर ओळखली, पण तिचा शेरा होता "थोडी पण खरी सुधारणा". गावात मात्र बातमी 'करंटने पोरगं बोलायला लागलं' अशी पोहोचली आणि तालुक्यातल्या आणखी तीन घरांतून मला फोन आले.

जुलै

पाऊस पडला, कपाशी लागली, निंदणी आली. आई परत चुलीपुढे आणि शेतात. महिन्याभराने चित्रित केलं तर मागण्या 5.

वडिलांचं निदान तयार होतं: "करंटचा असर उतरला." केंद्रानेही तेच सांगितलं आणि दहा 'बूस्टर' सत्रं सुचवली, 45 हजार रुपयांत.

इथे या प्रकरणाला वळण मिळालं. मेमध्ये दोन गोष्टी एकदम मिळाल्या होत्या: दिवसाला वीस मिनिटं करंट, आणि दिवसभर आई. जूनमध्ये दोन्ही एकदमच गेल्या. त्यामुळे मागण्या का घसरल्या, याची दोन उत्तरं सारखीच खरी वाटत होती. मी वडिलांना म्हणाले की दोन्ही एकदम परत देऊ नका, आधी एकच द्या. आई द्या. बूस्टर दिवाळीनंतर बघू. तोवर आकडा वर आला नाही तर तुम्ही म्हणाल ते.

त्यावर घरात जे बोलणं झालं ते मला नंतर कळलं. थोरल्या जावेला वाटलं की धाकटीला काम चुकवायचं आहे. ते स्वाभाविक होतं, कारण नऊ माणसांच्या भाकरी कुणीतरी थापायच्याच होत्या. श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट झाल्यावर, घर पाहुण्यांनी रिकामं झाल्यावर, आजीनेच निकाल दिला: "सकायना सैपाक मी दखसू, तू पोऱ्याले दख." पण आजीचं वय बघता ते टिकणारं नव्हतं. शेवटी गावातलीच एक बाई सकाळच्या स्वयंपाकाला लावली, महिना साडेतीन हजार. वर्षाचे 42 हजार झाले. दहा बूस्टर सत्रांपेक्षा तीन हजार कमी, हा हिशेब वडिलांनी स्वतः मांडला.

सकाळी दहा ते एक आई भैयाची. शिकवणं म्हणजे टेबल-खुर्ची नव्हे: ठिबकची कळ फिरवायच्या आधी थांबणं आणि त्याने 'पाणी' म्हटलं की कळ सोडणं, शेवेच्या डब्याचं झाकण मुद्दाम घट्ट लावणं. ज्या थेंबांपाशी तो तासन्‌तास एकटा पडून राहायचा, तिथेच आता त्याला कुणाची तरी गरज लागू लागली.

ऑक्टोबरमध्ये 12 मागण्या, नोव्हेंबरमध्ये 13, पैकी 6 शब्दांत. करंट शून्य.

यातून काय धरायचं

करंट निरुपयोगी आहे, असं हे प्रकरण सिद्ध करत नाही. एका मुलावरून तसं म्हणणं म्हणजे रीलवाल्यांचाच दोष उलट्या बाजूने करणं. मेमध्ये यंत्राने काही जमीन तयार केली असेल आणि म्हणून ऑगस्टनंतर आईच्या मेहनतीला लवकर फळ आलं असेल, ही शक्यता मला खोडता येत नाही. मूल सहा महिन्यांनी मोठंही झालं होतं. आणि झोप! जुलैत मागण्या घसरल्या तेव्हाही झोप अकराच्या पुढे गेली नाही. आईचा वेळ हे त्याचं उत्तर नव्हे, कारण तो तेव्हा नव्हताच. मामाच्या घरी लागलेली सवय टिकली, की आणखी काही? हा गुंता मला सुटलेला नाही.

पण मागण्यांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. एप्रिलच्या तीन चित्रफिती नसत्या, तर 'करंटआधी काहीच नव्हतं' हेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं असतं. वही नसती तर मे महिन्यातला उरलेला दिवस कुणाच्या हिशेबात आला नसता. आणि बूस्टर दिले असते, त्याच वेळी योगायोगाने बाई कामाला लागली असती, तर 13 हा आकडा आज यंत्राच्या नावावर असता, आणि तीन घरांनी केळी, कपाशी, नाहीतर सोनं मोडून शहर गाठलं असतं. त्या तिन्ही घरांना मी भैयाच्या आईचा नंबर दिला, तिच्या परवानगीने. ती त्यांना काय सांगते ते मी विचारलेलं नाही.

संशोधनाच्या बाजूनेही एक तक्रार आहे. सलग वीस दिवस शहरात राहू शकणारं मूलच अशा अभ्यासात येतं, म्हणजे ज्याच्याकडे भाव लागलेली केळी आहे किंवा शहरात मामा आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरा आणि भिल्ल घरांतल्या मुलांचं अजून निदानच होत नाही. दिव्यांग हक्क कायद्याने 2016 मध्ये ऑटिझमला 21 दिव्यांगत्वांत जागा दिली, पण त्याच्या प्रमाणपत्रासाठी डोंगरातून जिल्ह्याला खेपा घालायला मजुरी बुडवावी लागते. चाचणी व्हायची तर दोन्ही गटांना आईच्या वेळेची सारखी सोय देऊन, मग करंट खरा-खोटा करून बघितली पाहिजे. तेव्हाच करंटचा स्वतःचा वाटा दिसेल.

हे मी वडिलांना सांगितलं. त्यांनी आशा सोडलेली नाही आणि सोडावी असं मी म्हणतही नाही. नोंदणी असलेली, फुकट असलेली चाचणी निघाली तर भैयाला घालायचं, असं आमचं ठरलं आहे. आपल्या वाट्याला खोटं यंत्रही येऊ शकतं, हेही त्यांना समजावलं. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "खोटं लागलं तर पोऱ्याचं नुकसान काय?" मी म्हटलं, काही नाही, फक्त वीस खेपा. "मग मॅडम, गाडीभाडं कोण देणार ते आधी विचारून ठेवा." आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहभागींना प्रवासखर्च देण्याची सोय आहे, आणि चाचणीवाल्यांना विचारायच्या प्रश्नांत तो प्रश्न मी पहिला लिहून ठेवला आहे.